पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा

सकाळीं डबा घेऊन घरांतून बाहेर पडलेला माणूस संध्याकाळीं सुखरूप परत यावा, एवढी माफक अपेक्षा प्रत्येक घरांत असते. ती कोणी बोलून दाखवीत नाहीं. रोजचेंच जाणें-येणें; त्यांत बोलावयाचें तें काय? परंतु नेहमींची वेळ टळून गेली, जिन्यावर ओळखीचीं पावलें वाजलीं नाहींत, म्हणजे घरांतील मंडळींच्या जिवाची जी घालमेल होते, तिच्यावरून ती अपेक्षा किती खोल असते हें कळून येतें. रणांगणावर जाणाऱ्या शिपायाची काळजी सारें गांव वाहतें. पण गिरणींत, गोदींत, छापखान्यांत, कचेरींत किंवा दुसऱ्याच्या स्वयंपाकघरांत कामाला जाणाऱ्या माणसाच्या वाटेवरही धोके असतात; आणि ते रोजचे असतात म्हणूनच डोळ्यांआड होतात.

'पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा' अशी मराठींत एक म्हण आहे. कामाच्या ठिकाणीं सावधपणें कसें वागावें याविषयींचे जे नियम भिंतीवर टांगलेले असतात, ते सारे या म्हणीचेंच भाष्य होय. 'चालू यंत्र पुसूं नये' या चार शब्दांच्या पाटीमागें कोणाचीं तरी बोटें गेलेलीं असतात. 'वाटेंत सामान ठेवूं नये' या पाटीमागें कोणी तरी अंधारांत, धुरांत वाट न सांपडून गुदमरलेला असतो. नियमाचा कंटाळा येणें हा मनुष्यस्वभाव आहे. परंतु कंटाळा आला म्हणजे, या नियमासाठीं ठेंच कोणास लागली होती, हें एकवार विचारून पाहावें. उत्तर मिळालें कीं कंटाळा आपोआप जातो.

मुंबईचेंच उदाहरण घ्यावें. कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं येथें कापसाच्या गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ सालीं ती गिरणी चालूं लागली. त्यानंतर थोड्याच वर्षांत कोंकणांतून व घाटावरून हजारों माणसें गिरणीकामासाठीं मुंबईस आलीं. त्या काळच्या गिरणींत एका मोठ्या वाफेच्या एंजिनावर सारा कारभार चाले. छताखालून लांबच लांब लोखंडी दांडे फिरत आणि त्यांवरून चामड्याचे पट्टे खालच्या यंत्रांवर उतरत. शेतावरून आलेल्या माणसास बैलाची संवय. बैलाला हाक मारली तर तो थांबतो. धन्याचा पाय नांगराखालीं येतो आहे असें दिसल्यास धनी ओरडतो आणि बैल उभा राहतो. पट्ट्याला कान नसतात. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर किंवा सुटलेली वेणी एकदां त्यांत सांपडली, म्हणजे माणूस ओरडण्यापूर्वींच खेंचला जाई.

या ठेंचा पुष्कळांस लागल्या, तेव्हां शहाणपण हळूहळू कायद्यांत उतरलें. १८८१ सालच्या पहिल्या कारखाना-कायद्यानें सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्याची बंदी केली आणि धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालण्याची अट घातली. तथापि ज्याला इजा झाली त्याचें पुढें काय, हा प्रश्न तसाच राहिला. 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणीकामगारांच्या सभा भरवून एक अर्ज तयार केला. त्यावर सुमारें साडेपांच हजार कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्यास एक सुट्टी, दुपारीं अर्ध्या तासाची विश्रांति या मागण्यांबरोबरच त्यांत आणखी एक मागणी होती: काम करतांना ज्यास इजा होईल त्यास बरा होईपर्यंत पगार मिळावा, आणि जो कायमचा पंगु होईल त्याच्या पोटापाण्याची कांहीं सोय व्हावी. ही मागणी आज कोणासही साधी वाटेल. पण कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा होण्यास १९२३ साल उजाडावें लागलें. मधल्या एकोणचाळीस वर्षांत ज्यांचे हात गेले, त्यांच्या घरच्यांस कायद्यानें ठरविलेली भरपाई मिळण्याचा मार्ग नव्हता.

या इतिहासांतून पहिला धडा मिळतो तो क्रमाचा. कुंपण आधीं, उपदेश मागाहून. धोका मुळांतूनच काढून टाकतां येत असेल तर तो काढावा. काढतां येत नसेल तर त्याला जाळी किंवा आच्छादन घालून माणसापासून दूर ठेवावा. त्यानंतर माणसास शिकवावें. आणि सर्वांत शेवटीं हातमोजे, चष्मा, शिरस्त्राण यांवर भिस्त ठेवावी. पुष्कळ ठिकाणीं हा क्रम नेमका उलटा केलेला दिसतो. यंत्राची जाळी काढून कोपऱ्यांत ठेवलेली असते, आणि भिंतीवर मात्र 'सावध राहा' असें मोठ्या अक्षरांत लिहिलेलें असतें. माणसाचें लक्ष आठ तास सारखें एका ठिकाणीं राहूं शकत नाहीं. लोखंडी जाळी मात्र अहोरात्र जागी असते.

यंत्रांचें रूप पुढें पालटलें. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र विजेची मोटर आली. पण धोक्याचें रूप फारसें पालटलें नाहीं. चालत्या यंत्राजवळ जाणें भागच पडलें, तर तें काम शिकविलेल्या माणसानें, अंगासरशीं बसणारे कपडे घालूनच करावें, असें १९४८ सालच्या कारखाना-कायद्यानें सांगितलें. सैल बाही, गळ्यांतील उपरणें किंवा ओढणी, हातांतील कडें, बोटांतील अंगठी हीं यंत्राजवळ शोभेचीं राहत नाहींत. यंत्राला तीं पकडण्याची मूठ होतात. यंत्र दुरुस्त करावयाचें असेल तेव्हां नुसतें बटण दाबून तें बंद करणें पुरेसें नाहीं. पलीकडचा माणूस, यंत्र कां बंद आहे याचा विचार न करतां, तें पुन्हां चालू करतो, आणि आंत हात घालून बसलेल्याचा घात होतो. म्हणून जो यंत्र बंद करील त्यानें त्या बटणास कुलूप घालून किल्ली आपल्याच खिशांत ठेवावी, आणि 'आंत माणूस काम करीत आहे' अशी पाटी लावावी. काम आटोपल्यावर तें कुलूप त्यानेंच काढावें, दुसऱ्यानें नव्हे.

बाकीच्या संवयी तर याहूनही साध्या आहेत. जमिनीवर तेल किंवा पाणी सांडलें असेल तर तें ज्याला प्रथम दिसेल त्यानें पुसावें; कोणी सांडलें याची चौकशी मागाहून होऊं शकते. जड ओझें उचलतांना कंबरेंत वाकूं नये. गुडघे वांकवून बसावें, ओझें छातीशीं धरावें आणि पायांच्या जोरानें उठावें. भिंतीला शिडी लावतांना जितकी उंची, तिच्या चौथ्या हिश्शाइतका शिडीचा पाय भिंतीपासून दूर असावा. याहून जवळ असल्यास शिडी मागें पडते, दूर असल्यास घसरते. सहाणेच्या चाकावर लोखंड घांसतांना डोळ्यांवर चष्मा हवाच. ठिणगी पुसून जाते, गेलेला डोळा परत येत नाहीं. तेजाब पातळ करतांना पाण्यांत तेजाब थोडें थोडें घालावें, तेजाबांत पाणी कदापि ओतूं नये. तें उसळून तोंडावर येतें. हे सर्व नियम एका बैठकींत शिकतां येतात. ते पाळणें मात्र रोज नव्यानें करावें लागतें, आणि खरी मेख तेथेंच आहे.

नवशिका मनुष्य यंत्रास भितो, म्हणून जपतो. दहा वर्षें काम केलेल्या माणसाची भीति मरते. तो म्हणतो, "हजार वेळां असेंच केलें, कांहीं झालें नाहीं." हजार वेळां कांहीं झालें नाहीं, यावरून आजवर वेळ आली नव्हती इतकेंच सिद्ध होतें. शिवाय त्याचें पाहून नवशिकाही जपणें सोडतो. कारण जाळी न लावणें हें तेथें कसबाचें चिन्ह मानलें जातें. म्हणून कारखान्यांत नियम पाळण्याची जबाबदारी सर्वांत अधिक कोणावर असेल, तर ती सर्वांत अनुभवी माणसावर होय.

आगीच्या बाबतींत दोन ठेंचा जगास कायमच्या आठवणींत ठेवाव्या लागल्या. पहिली न्यूयॉर्क शहरांतील. १९११ सालीं मार्च महिन्याच्या २५ तारखेस, शनिवारीं, काम सुटण्याच्या सुमारास, बायकांचे कपडे शिवणाऱ्या एका कारखान्यांत आग लागली. कारखाना इमारतीच्या आठव्या, नवव्या व दहाव्या मजल्यांवर होता. आग आठव्या मजल्यावर चिंध्यांच्या पेटींत सुरू झाली. आठव्यावरून दहाव्या मजल्यास टेलिफोननें वर्दी गेली. नवव्या मजल्यास वर्दी पोंचलीच नाहीं. तेथील एका जिन्याच्या दारास कुलूप होतें, कारण जातांना मुलींच्या पिशव्या तपासण्यास एकच दार सोयीचें पडे. बाहेरचा लोखंडी जिना भारानें मोडून पडला, आणि बंबवाल्यांच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोंचल्या. १४६ माणसें गेलीं. त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. चार वार कापडाची चोरी वांचविण्यासाठीं लावलेलें कुलूप इतकें महाग पडलें. फ्रान्सिस पर्किन्स या बाईंनीं तो देखावा रस्त्यावरून स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिला. पुढें १९३३ सालीं त्या अमेरिकेच्या मजूरमंत्री झाल्या. कामगारांच्या रक्षणाचे जे कायदे त्या देशांत झाले, त्यांचा उगम त्या जळत्या दिवसांत होता असें त्या सांगत.

दुसरी ठेंच मुंबईची. १९४४ सालच्या एप्रिलच्या १४ तारखेस व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकिन' नांवाचें जहाज उभें होतें. त्यांत सुमारें चौदाशें टन स्फोटक माल होता, आणि कराचीस चढविलेल्या कापसाच्या हजारों गांठीही त्याच जहाजांत भरल्या होत्या. स्फोटकांची सूचना देणारें लाल निशाण जहाजावर नव्हतें. दुपारीं दोनच्या सुमारास कापसांतून धूर निघतांना दिसला. सायंकाळीं चार वाजून सहा मिनिटांनीं जो स्फोट झाला, त्यानें गोदी आणि भोंवतालची वस्ती उद्ध्वस्त केली. आग विझविण्यास गेलेले ६६ अग्निशामक त्यांत बळी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून आठवडाभर देशांत अग्निशमन सप्ताह पाळला जातो. पेट घेणारी वस्तु आणि पेट देणारी वस्तु एकत्र ठेवूं नये, आणि आंत काय आहे हें दारावरच लिहावें, हे दोन नियम त्या दिवशीं मुंबईनें आपल्या रक्तानें लिहिले. घरांतील रॉकेल व शेगडी यांना, तसेंच दुकानांतील रंगाचे डबे व विजेच्या उघड्या तारा यांनाही, तेच नियम लागू आहेत.

कांहीं ठेंचा अशा असतात कीं त्यांचा आवाज होत नाहीं. कापसाची धूळ वर्षानुवर्षें छातींत गेली म्हणजे श्वास कोंडतो, आणि सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशीं छाती विशेष आवळल्यासारखी होते. हा विकार कापसाच्या गिरण्यांत जगभर आढळला. पूर्वीं मागावर कांडी बदलतांना विणकर धोट्याच्या भोंकाला ओठ लावून सूत तोंडानें ओढून घेत. एकाच धोट्यास अनेकांचे ओठ लागत, आणि क्षयासारखे रोग एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडीं जात. मुंबईच्या गिरण्यांत याच थुंकीची सबब सांगून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना जास्त पगाराच्या साळखात्यापासून दूर ठेवीत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ सालच्या संपाच्या वेळीं त्याविरुद्ध आवाज उठविला. जी चाल शरीरास घातक, तीच समाजासही घातक ठरली. हातानें सूत ओंवतां येईल असा धोटा मागावर ठेवणें हें कांहीं अवघड नव्हतें. रोगाला जात नसते, हें ज्यांस कळलें त्यांनीं धोटा बदलला. ज्यांस कळलें नाहीं त्यांनीं माणसें दूर ठेवलीं.

न दिसणाऱ्या धोक्यांत वायु सर्वांत दगलबाज. कोंडलेल्या जागेंत कोळसा जळत राहिला तर निर्माण होणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. गटारांतील वायूला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, पण त्याचें प्रमाण वाढलें म्हणजे नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, आणि वास थांबला म्हणून निश्चिंत झालेला माणूस क्षणांत कोसळतो. त्याला काढण्यासाठीं दुसरा उतरतो, तोही पडतो, मग तिसरा. ही धांव मायेची असते, परंतु अशा धांवेनें एकाचे तीन होतात. म्हणून टाकींत किंवा गटारांत माणूस पडल्यास मागोमाग उतरूं नये; मोठ्यानें हाका मारून मदत बोलवावी, बाहेरून हवा सोडावी, आणि श्वासाचें उपकरण घातलेल्या माणसानेंच आंत जावें. विजेचा धक्का बसलेल्यास हात लावण्यापूर्वीं वीज बंद करावी, हाही त्याच जातीचा नियम होय.

आतां मूळ म्हणीकडे वळावयाचें. पुढच्यास ठेंच लागली म्हणजे मागचा शहाणा होतो खरा, परंतु केव्हां? पुढच्यानें ती ठेंच बोलून दाखविली तर! अंगावरून ओझें निसटलें पण पाय वांचला, तार चटकन् लागली पण हात सुटला, अशा थोडक्यांत निभावलेल्या गोष्टी कारखान्यांत वारंवार घडतात. त्या सांगितल्या जात नाहींत. सांगावें तर मुकादम रागावेल, 'तूंच निष्काळजी' म्हणेल, एखादा दिवसाचा पगारही कापला जाईल. मग कामगार गप्प बसतो, मुकादमाचा कागद कोरा राहतो, मालकास सर्व आलबेल दिसतें, आणि तोच दगड तेथेंच पडून दुसऱ्याची वाट पाहत राहतो. ज्या ठिकाणीं अपघाताचीं पानें कोरीं आहेत तेथें धोका नाहीं असें समजूं नये. कदाचित् तेथें बोलण्याची सोय नसेल.

भोपाळ शहरावर १९८४ सालच्या डिसेंबर महिन्यांत २ व ३ तारखांमधील रात्रीं जें संकट कोसळलें, त्यांतही हीच गोष्ट दिसून आली. विषारी द्रव थंड ठेवणारें यंत्र बंद होतें, निसटलेला वायु जाळून टाकणारी ज्योतही नादुरुस्त होती, आणि कारखान्यांत काय सांठविलें आहे हें भोंवतालच्या वस्तीस ठाऊक नव्हतें. हजारों माणसें झोपेंतच मृत्यूच्या दारीं गेलीं. त्यानंतर १९८७ सालीं कारखाना-कायद्यांत सुधारणा झाली. धोक्याची माहिती कामगारांस व शेजाऱ्यांस दिलीच पाहिजे, सुरक्षेच्या समितींत कामगारांचे प्रतिनिधि असले पाहिजेत, आणि डोळ्यांसमोर धोका दिसत असेल तर तसें सांगण्याचा कामगारास हक्क आहे, अशीं कलमें तींत घातलीं गेलीं. सांगण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच एक भाग आहे, हें शहाणपण इतक्या मोठ्या ठेंचेनंतर आलें.

येथपर्यंत ऐकून शहरांतील सुशिक्षित गृहस्थास वाटेल कीं, हें सारें गिरणीवाल्यांचें आणि कारखानदारांचें. कचेरींत बसणाऱ्या माणसाचा याशीं संबंध काय? कचेरींतही संबंध आहेच. जिन्यावर रचलेलीं जुनीं दप्तरें, एकाच प्लगमध्यें खुपसलेल्या पांच वायरी, कुलूप लावलेला मागचा दरवाजा हे न्यूयॉर्कच्या त्या इमारतीचेच सगेसोयरे होत. आगीच्या वेळीं कोणत्या जिन्यानें उतरावयाचें, हें कचेरींतील प्रत्येकानें कामाच्या पहिल्याच दिवशीं चालून पाहावें. पण त्याहूनही जवळचा संबंध घरांत आहे. आपलें घर हें दुसऱ्या कोणाचें तरी कामाचें ठिकाण असतें, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

जो गृहस्थ कचेरींत आगीच्या कवायतीस वेळेवर हजर राहतो, त्याच्याच घरीं दिवाळीच्या आधीं कामाला येणारी बाई चौथ्या मजल्यावरील खिडकीच्या कठड्यावर बाहेर वांकून कांचा पुसते. पंखा पुसण्यासाठीं स्टुलावर स्टूल ठेवून पोरगा चढतो, आणि खालीं कोणी धरलेलेंही नसतें. ओल्या हातांनीं मिक्सरची वायर काढली जाते. हवा थंड करणारें यंत्र दुरुस्त करणारा माणूस दोरावांचून भिंतीबाहेर उभा राहतो, आणि घरांतील मंडळी चहाचें विचारतात, पट्ट्याचें विचारीत नाहींत. सर्वांत वाईट म्हणजे इमारतीची मैल्याची टाकी तुंबली कीं, कोण कमी पैशांत उतरेल याची चौकशी होते. साधनांवांचून माणसास अशा टाकींत उतरविण्यास २०१३ सालच्या कायद्यानें मनाई केली आहे. सभासदांच्या सभेंत हा प्रश्न निघाला म्हणजे यंत्रानें टाकी उपसण्याचा खर्च जास्त म्हणून नाक मुरडलें जातें. तो खर्च फार तर घरटीं कांहीं रुपयांचा असतो. दुसऱ्या बाजूच्या खर्चाचा आंकडा कोणत्याच हिशेबाच्या वहींत मांडतां येत नाहीं.

या बाबतींत करावयाचें तें थोडेंच आहे. खिडकीच्या बाहेरची बाजू आंतून लांब दांड्याच्या पुसण्यानें पुसून घ्यावी. पोंचत नसेल तेथें कांच मळकी राहिली तरी चालेल. घरांत एक भक्कम शिडी असावी, आणि चढणाऱ्यासाठीं ती खालून धरणारें माणूस असावें. कामाला येणाऱ्या बाईस विजेचें मुख्य बटण कोठें आहे, गॅस कोठें बंद होतो, हें पहिल्या दिवशींच दाखवावें. प्रथमोपचाराची पेटी कारखान्यांत दर दीडशें माणसांमागें एक असावी असें १९४८ च्या कायद्यानें ठरविलें होतें. चार माणसांच्या घरांत ती एक असण्यास हरकत नसावी. कांहीं फुटलें, कांहीं भाजलें, तर रागें न भरतां प्रथम 'लागलें काय?' असें विचारावें. तें विचारण्याची संवय ज्या घरांत असेल, तेथें ठेंच लपविली जाणार नाहीं. आणि ठेंच लपविली नाहीं म्हणजे मागचा शहाणा होण्याची वाट मोकळी होते.

कारण दारावर येणारा सुतार, गवंडी, डबेवाला किंवा भांडीं घासणारी बाई यांच्याही घरीं संध्याकाळीं दिवा लागतो, आणि तेथेंही कोणी तरी पावलांच्या आवाजाकडे कान देऊन बसलेलें असतें.